बेघरांना हद्द नसते

जळगाव आणि भुसावळ यांच्यात साधारण २५ किलोमीटरचे अंतर असून दोन्ही रेल्वे जंक्शने आहेत. साहजिकच फलाटावर रात्र काढणारा माणूस आज एका शहरात, तर उद्या दुसऱ्या शहरात असतो. त्याची जबाबदारी मात्र जळगावात महापालिकेकडे आणि भुसावळात नगरपालिकेकडे, अशी हद्दीनुसार वाटली गेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक निवारागृह असावे, असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४.६ लाख, तर भुसावळची सुमारे १.८७ लाख होती. या हिशेबाने भुसावळच्या वाट्याला एकच निवारा येतो, फार तर दोन. त्यात एकटे पुरुष, लहान मुलांसह आलेल्या स्त्रिया, मनोरुग्ण आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध या सर्वांची एकत्र सोय करणे शहाणपणाचे नाही.

म्हणूनच दोन्ही शहरांनी निवारे वाटून घ्यावेत, म्हणजे एकाने स्त्रियांसाठी, तर दुसऱ्याने आजारी व वृद्धांसाठी स्वतंत्र व्यवस्था उभारावी, असे मला वाटते. नोंदवही सामायिक असावी आणि पाहणी एकाच रात्री व्हावी. अन्यथा तोच माणूस दोनदा मोजला जातो किंवा (हे अधिक संभवते) कुठेच मोजला जात नाही. खर्चाच्या वाटणीवरून वाद होणारच, परंतु जिल्हा एकच असल्याने जिल्हाधिकाऱ्यांना दोघांना एकत्र बसवता येईल. त्या बैठकीला रेल्वेचे अधिकारीही हवेत.