तंतूंचा माल वाहता करताना

डिचोलीजवळ आमचं छोटं यार्ड आहे. फूटपाथच्या कडेच्या गटारांवर बसणारी सिमेंटची झाकणं आम्ही ओततो, 600 बाय 600, जाडी 75 मिलिमीटर. गोव्याच्या पावसात इतक्या पातळ झाकणातली सळी फार टिकत नाही. तिच्यावर काँक्रीटचं कव्हर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. सळी गंजते, फुगते आणि कडेचा कपचा उडतो. दर वर्षी हेच बघून वैतागलो आणि थंडीत ठरवलं, सळीऐवजी पोलादी तंतू घालून बघायचे.

तंतू आणले ते 60 मिलिमीटर लांब, 0.75 जाड, दोन्ही टोकं वाकवलेले. घनमीटरला 40 किलो, म्हणजे आमच्या 100 लिटरच्या घाण्यात 4 किलो. आकारमानाने फक्त अर्धा टक्का. एवढ्याशा तंतूंनी काय बिघडणार, असं वाटलं होतं.

पहिल्याच घाण्यात मिक्सरच्या तोंडातून गोळे बाहेर पडले. नारळाच्या काथ्यासारखे गुंतलेले तंतू आणि आत कोरडी खडी. तंतूंविना 150 मिलिमीटर बसणारा स्लम्प, म्हणजे शंकूच्या साच्यातून काढलेला ओला माल किती खचतो ते माप, 60 वर आला. आमचे मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणाले, "बाब, पाणी कमी पडतंय. थोडं वाढवूया?" मी हो म्हटलं आणि तीच चूक झाली. पाणी वर पाझरलं, खडी नि तंतू खाली बसले, मधे नुसतं सिमेंटचं पिठलं. तो सगळा घाणा फेकून दिला.

हे तंतू एकमेकांना गोंदाने चिकटलेल्या पट्ट्यांत येतात. त्या रात्री 4 किलो पट्ट्या पाण्यात भिजवून गोंद सोडवला, तंतू वाळवले आणि न दाबता बादलीत टाकले. दहा लिटरची बादली जवळजवळ काठोकाठ भरली. पोलाद अर्धा लिटर, पण त्याने अडवलेली जागा दहा लिटर! तंतू जितका लांब आणि बारीक, तितकी जास्त जागा तो अडवून ठेवतो. आणि उरलेल्या जागेत खडी आधीच दाटीने बसलेली. गर्दीच्या बसमध्ये आडव्या काठ्या घेऊन लोक शिरावेत तशी गत. पाणी ओतलं तरी ती दाटी हटत नाही, फक्त लगदा पातळ होतो आणि जड माल खाली बसतो.

मग पाण्याचं प्रमाण होतं तिथेच ठेवलं आणि खडीला हात घातला. 20 मिलिमीटरची खडी पूर्ण काढून 10 ची घेतली, तीही कमी केली. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वाढवली. आमच्याकडची ही वाळू टोकदार, नदीच्या वाळूसारखी घरंगळत नाही, म्हणून फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घालून लगदा वाढवला आणि ॲडमिक्स्चरचा, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाचा, डोस जुळवला. तंतू सगळ्यात शेवटी, मिक्सर फिरत असताना मूठमूठ पसरून टाकायचे आणि मग गोंद सुटेपर्यंत चार-पाच मिनिटं फिरू द्यायचं. यात नऊ घाणे गेले. नवव्यात एकही गोळा नव्हता.

या मालाला नुसत्या स्लम्पने जोखू नये, हेही तेव्हाच कळलं. शंकूतून काढला की तो ताठ उभा राहतो, मेस्तांना वाटतं घट्ट झाला. तोच माल व्हायब्रेटिंग टेबलावर ठेवला की कोपऱ्यापर्यंत सरकतो.

वाटलं, जमलं. पण गटारासारखे दोन आधार देऊन मधे वजन ठेवलं तर सहापैकी दोन झाकणं अगदी हलक्या भारात तुटली. तुटलेला कडा उन्हात धरून बघितला. तंतू भेगेला आडवे जायच्या ऐवजी तिच्याच बाजूने झोपलेले, ओढून ठेवायला मधे जेमतेम पाच-सहा. पोरांनी घमेल्याने दोन ठिकाणी माल टाकला होता. दोन ढीग जिथे भेटले, तिथेच भेग गेली. एका ढिगातला तंतू दुसऱ्यात शिरतच नाही.

वाहत्या द्रवात लांबट कण गिरक्या घेतो, पण बराचसा वेळ प्रवाहाच्या दिशेलाच असतो, हे ब्रिटिश गणितज्ञ जेफ्री यांनी 1922 साली गणिताने दाखवलं होतं. मधोमध ओतलं तर आणखी वेगळं घडतं: माल चकतीसारखा पसरतो, परीघ ताणला जातो आणि तंतू परिघाच्या बाजूने वळतात. म्हणजे आम्ही कुठून ओततो, यावर झाकण कुठल्या दिशेला मजबूत होणार ते ठरतं. इतकी वर्षं माल ओतत आलो, पण या नजरेने त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

साच्याच्या रुंदीएवढी पत्र्याची पन्हळ करून घेतली. आता माल एका कडेवरून, एका दमात सोडतो. तो समोरच्या कडेपर्यंत आपणहून जातो. मालात खुपसायचा नीडल व्हायब्रेटर बंद, कारण सुई काढली की तिच्या जागी तंतू नसलेला लगदा उरतो. या पद्धतीची बारा झाकणं तपासली. भेग पडली तरी दोन तुकडे झाले नाहीत, तंतूंनी धरून ठेवली.

झाकण चौकोनी असल्यामुळे गटारावर दोन्ही बाजूंनी बसतं, हा एक धोका राहिला होता. त्यासाठी साच्याच्या तळाला, माल वाहतो त्या दिशेने, पट्टीचा बाण जोडलाय, तो झाकणावर उमटतो. बसवणाऱ्यांना एवढंच सांगतो, बाण गटार ओलांडून गेला पाहिजे.