पाऊणकी आणि कर्लीची खाडी

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, कोथरूड, पुणे.

काल रात्री उशिरा मालवणहून परतले. होडीचे हेलकावे अजून अंगातून गेलेले नाहीत. सकाळी ओट्यापाशी चहा गाळताना पायाखालची फरशी क्षणभर हलल्यासारखी वाटली. आता घरातले सगळे आपापल्या कामाला गेले आहेत, तोवर परवाचा दिवस लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ शिक्षकाची नोकरी धरून मालवणला गेला, त्याला अकरा वर्षे झाली. दोन-तीन वर्षांत तो बदली करून पुण्याला परतेल, असे आईला आणि मला वाटत होते. पण त्याने देवबागच्या मुलीशी लग्न करून तिथेच संसार थाटला. आईच्या शेवटच्या आजारपणात इकडचा सगळा भार माझ्यावर पडला, तेव्हा मी त्याच्यावर मनातून फार रागावले होते. तो राग मी कधी बोलून दाखवला नाही, पण त्यानंतर तीन वर्षे त्याच्या घरी पाऊल टाकले नाही, हे खरे. यंदा भाचीने फोनवर हट्टच धरला आणि मी निघाले.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सिंधुदुर्ग पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली, हे शाळेत पाठ केले होते. पण चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, हे विहिरीच्या काठावर उभे राहिल्यावरच खरे वाटले. भावजयीने तिन्ही विहिरी मला माहेरच्या अभिमानाने दाखवल्या.

परवाचा दिवस मात्र खाडीचा होता. आदल्या रात्री जेवताना, सकाळी किती वाजता निघायचे असे मी विचारले, तर भाची बोटे न मोजता म्हणाली, "आत्या, उद्या दशमी. दहा पाऊण साडेसात. साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे आठला होडीत बसायचं." तिचा आजा, म्हणजे भावाचे सासरे, जन्मभर होडी चालवत आलेले तांडेल आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांच्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे गणित चालते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते; दशमीचे पाणी त्यामानाने शांत, हेही त्या नऊ वर्षांच्या मुलीने मला समजावून सांगितले.

मी भावाकडे पाहिले. शनिवार पेठेतल्या वाड्यात तिन्हीसांजेला आई आम्हा दोघांकडून परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी, म्हणवून घेत असे. पावकी आणि निमकी कशीबशी व्हायची, पण पाऊणकीला, म्हणजे पाऊणच्या पाढ्याला, भाऊ हटकून रडायचा आणि मी त्याला हळूच पुढचा शब्द सांगायची. तो म्हणाला, "ताई, आईची पाऊणकी इथे रोज लागते." एवढेच बोलून तो ताटाकडे वळला. मला घास गिळायला वेळ लागला.

सकाळी होडी धक्क्याला लागली तेव्हा पाणी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यापर्यंत आले होते. लहानपणी खडकवासल्याच्या काठावर पाय बुडवायलाही घाबरणारा माझा भाऊ एक पाय होडीत आणि एक पायरीवर ठेवून उभा राहिला आणि त्याने माझा हात घट्ट धरून मला आत घेतले. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानेच आवळले. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. होडीतून पाहिले की माडांच्या एकाच रांगेमागे पलीकडच्या लाटांचा आवाज ऐकू येतो. काठाशी तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसत होती, आणि प्रत्येक मुळावर पाण्याची ओली रेघ होती. "पाणी उतरायला लागलं," भाचीने ती रेघ दाखवत सांगितले.

संगमापाशी सासऱ्यांनी होडीचा वेग कमी केला. समोर भोगव्याचा किनारा होता. दोन मोठ्या लाटा जाऊ देऊन, तिसरीच्या आधी त्यांनी होडी बाहेर काढली. सुकाणावरचा त्यांचा हात मात्र जरासाही घाईत नव्हता. बाहेर गेल्यावर त्यांनी "इंजिन बंद करतंय" एवढेच सांगितले. मग नुसती शांतता. आधी श्वास ऐकू आला, फुस्स असा, आणि मागून करड्या पाठीचे कुबड पाण्यावर येऊन सावकाश आत गेले. पाठोपाठ दुसरे, आणि त्याला चिकटून एक लहानगे. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावेच लागते, हे मला माहीत होते. पण तो श्वास इतका माणसासारखा ऐकू येईल याची कल्पना नव्हती. आम्ही पाचही जण किती वेळ गप्प होतो कोण जाणे.

परतताना साडेअकराच्या सुमारास नदीच्या मुखाशी, सकाळी जिथून होडी सहज गेली होती तिथे, वाळूचा लांबट उंचवटा वर आलेला होता. त्याच्या अलीकडे कमरेएवढ्या पाण्यात चार-पाच बायका तळाशी चाचपून तिसरे, म्हणजे खाण्याचे शिंपले, गोळा करत होत्या. त्यांतल्या एकीने भावाला "गुरुजी" म्हणून हाक मारली आणि न विचारता ओंजळभर तिसरे होडीत टाकले. तिचा मुलगा त्याच्या वर्गात आहे. दुपारी भावजयीने त्यांचे ओले खोबरे घालून सुके केले. घासागणिक थोडी वाळू दाताखाली येत होती, तरी मी दोनदा मागून घेतले.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी भावाला आईच्या शेवटच्या महिन्यांतले सगळे सांगितले, रागावले होते हेही सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "मला माहीत होतं, ताई." आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

आज द्वादशी. बारा पाऊण नऊ. घड्याळात नऊला पाच कमी आहेत. देवबागच्या धक्क्याच्या वरच्या पायरीला आता पाणी लागले असेल.