पंचनाम्यातला लांडगा: नुकसानभरपाईचा माझा अनुभव

‘मोकाट कुत्र्यांनी हल्ला केल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ लांडग्यांनी मारलेल्या आमच्या चार मेंढ्यांच्या पंचनाम्यात हे एवढे एक वाक्य होते, आणि त्या वाक्यापायी नुकसानभरपाईचा अर्ज पावसाळा संपून दिवाळी उलटेपर्यंत अडकून पडला. भरपाई आता मिळाली आहे, राग मात्र गेलेला नाही. मेंढपाळांच्या घरांतली शिकलेली मुले हल्ली घरचे कागद सांभाळतात; त्यांच्यापैकी कोणावर तरी हीच वेळ येणार, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आणि थोरला भाऊ मेंढरे राखतात. मी नोकरीनिमित्त तालुक्याच्या गावी असतो. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या माळाकडेला एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली होती. पहाटेच्या अंधारात दोन लांडगे वाघरीखालून, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीखालून, वाड्यात शिरले. वाड्यावरची कुत्री भुंकू लागली, दादा बॅटरी घेऊन धावला, तोवर चार मेंढ्या पडल्या होत्या, एकीच्या मानेला खोल जखम झाली होती आणि एक कोकरू नाहीसे झाले होते. दोन जनावरे माळाच्या चढाने जाताना दादाने स्वतः पाहिली.

कळवण्यात काही अडचण आली नाही. घटनेनंतर ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे लागते; कोणाचा क्रमांक जवळ नसेल तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर सांगता येते. आम्ही दोन्हीकडे कळवले आणि पंचनाम्याला माणसे त्याच दिवशी आली. आधार कार्ड, पासबुक, छायाचित्रे, मेंढ्या आमच्याच असल्याबद्दल पोलीस पाटलांचा दाखला, हे सारे जमवण्यात वेळ गेला, पण त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

खरी गोष्ट पंचनाम्याची. वनपाल आले तेव्हा वाड्याभोवती सगळीकडे पावलांचे ठसे होते, आणि त्यांत आमच्या कुत्र्यांचेही होते, कारण मेंढरांची राखण करायला कुत्री नसतील तर कोण असेल? मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिता लिहिता त्यांनी विचारले, “वाड्यावर तुमची कुत्रीपण होती ना? मग लांडगाच होता, हे कशावरून?” आप्पा म्हणाले, “साहेब, माझी कुत्री माझ्याच मेंढरास्नी कशापायी फाडतील?” वनपाल हसले आणि लिहीत राहिले. शेवटी पंच म्हणून शेतमालकाची व आणखी एकाची सही झाली, आप्पांनी अंगठ्याशेजारी नाव काढले, आणि कागद पिशवीत गेला. त्यात ते वाक्य असल्याचे आम्हाला कळले ते महिनाभराने, अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला तेव्हा.

मोकाट कुत्र्याने मेंढी मारली तर वन विभाग भरपाई देत नाही. लांडगा मात्र वाघ, बिबट्या, तरस यांच्याबरोबर भरपाईच्या यादीत आहे. त्यामुळे संपूर्ण प्रकरणाचा कस पंचनाम्यातल्या ‘हल्ला कोणत्या प्राण्याने केला’ या एका रकान्यात लागतो, आणि तो रकाना भरणाऱ्याने शंका व्यक्त करून ठेवली की पुढच्या प्रत्येक टेबलावरचा माणूस त्या शंकेकडे बोट दाखवतो. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. परिक्षेत्र कार्यालयातले लिपिक म्हणाले की प्राणी कोणता हे पशुवैद्यकाने लिहून द्यावे. पशुधन विकास अधिकारी म्हणाले की मी जखम आणि मृत्यूचे कारण सांगू शकतो, बाजारभाव ठरवून देऊ शकतो; प्राणी ओळखणे हे वन विभागाचे काम आहे. मी पुन्हा परिक्षेत्र कार्यालयात गेलो, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या वेळी साहेब होते, पण फाईल सहायक वनसंरक्षकांच्या कार्यालयात गेली होती. तिथे गेल्यावर ती फाईल खालीच परत पाठवल्याचे कळले. या कार्यालयाच्या भिंतीवर ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहाचा फलक लावलेला होता आणि त्यावर माळरानावर उभ्या असलेल्या लांडग्याचे मोठे रुबाबदार छायाचित्र होते. फलकावर असलेला लांडगा पंचनाम्यात येईपर्यंत कुत्रा कसा होतो, हा प्रश्न मी तिथे विचारला, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. असले प्रश्न विचारू नयेत. लिपिकाचा चेहरा बदलतो आणि फाईल आणखी खाली जाते.

दरम्यान आणखी एक फाटा फुटला. घटना एका तालुक्यात, आधार कार्डावरचा पत्ता दुसऱ्या तालुक्यात. तेव्हा रहिवासाचे काय, असे विचारण्यात आले. वर्षातले आठ महिने पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या माणसाने रहिवास कुठला दाखवावा? सुदैवाने भरपाई जनावराच्या मालकाला मिळते, तो त्या गावचा रहिवासी असण्याशी तिचा संबंध नाही, हे एका वनरक्षकानेच लिपिकाला समजावले आणि तो विषय तिथेच मिटला. या वनरक्षकाबद्दल मला आदर आहे. मेंढपाळ सहसा वनरक्षकापासून लांबच राहतात, कारण रोपवनात मेंढरू शिरले की दंडाची पावती फाडणारा तोच असतो, आणि लांडग्याने मेंढरू मारले की बोलवायचेही त्यालाच. अनेक घरे भरपाईच्या वाटेला जात नाहीत त्याचे निम्मे कारण या भीतीत आहे.

अर्ज पुढे सरकला तो दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट दादाने पहिल्याच दिवशी केली होती. वाड्याबाहेर, जिथे आमची कुत्री फिरत नव्हती, त्या ओल्या बांधावर चढाच्या दिशेने गेलेले ठसे त्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवले होते, आणि मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवली होती. दुपारी पावसाची सर आली आणि बांध धुऊन निघाला, पण छायाचित्रे राहिली. कुत्रा चालताना इकडेतिकडे रेंगाळतो, त्याचा ठसा बहुधा गोलसर असतो. लांडग्याचा ठसा लांबट असतो, मधली दोन बोटे पुढे आलेली दिसतात आणि ठशांची ओळ बऱ्यापैकी सरळ जाते. एकट्या ठशावरून कोणी छातीठोकपणे सांगू नये, पण चाळीस पावलांची सरळ ओळ बरेच काही सांगते.

दुसरी गोष्ट पशुवैद्यकांच्या हातून झालेली होती आणि ती अहवालात नव्हती. पाहणीच्या वेळी डॉक्टरांनी एका मेंढीच्या गळ्यावरची लोकर कातरली, कातडीला उभा छेद दिला आणि ती दोन्ही बाजूंनी उलटली. बाहेरून दाताची दोनच भोके दिसत होती; आत मात्र श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना काळपट लाल रक्त साकळले होते, वीतभर. ते आम्हाला म्हणाले की रक्त असे साकळले आहे, म्हणजे चावा घेतला तेव्हा मेंढी जिवंत होती. मेल्यावर कुणी तोंड लावले असते तर असे दिसले नसते. मागच्या मांड्या, शेपूट, कान, सगळे शाबूत होते. कुत्री बहुधा मागून धरतात, मांड्या आणि कुशी फाडतात, पाठलाग करून दमवतात. अहवालात मात्र एवढेच आले होते की ‘चाव्याच्या जखमांमुळे व रक्तस्रावामुळे मृत्यू’. मी डॉक्टरांना विनंती केली की प्राण्याचे नाव लिहू नका, पण जे पाहिले ते लिहा. जखमेची जागा, तिची खोली, कातडीखालचे रक्त, मांड्या शाबूत. त्यांनी ते आनंदाने लिहून दिले. हीच विनंती पंचनाम्याच्या जागेवर करावी. प्राण्याचे नाव सांगायला लोक कचरतात, जखमेचे वर्णन करायला कचरत नाहीत.

ही दोन्ही कागदपत्रे जोडून मी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे पुरवणी पंचनाम्याची लेखी मागणी केली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद देऊ नये, हे खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवे होते. त्याबरोबरच माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांचा मुद्रांक लावून, त्या बीटमध्ये, म्हणजे त्या वनरक्षकाच्या हद्दीत, लांडगे दिसल्याच्या नोंदी आणि यापूर्वी लांडग्यांच्या हल्ल्यांसाठी मंजूर झालेली प्रकरणे मागितली. उत्तरात त्याच माळावर लांडगे दिसल्याच्या नोंदी निघाल्या. वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या पशुधनहानीची भरपाई ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणारी सेवा आहे, तिला मुदत आहे, मुदतीत निर्णय झाला नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही मी अर्जात नम्रपणे नमूद केले. नम्रपणे, कारण धमकीचा सूर लागला की माणसे कागदाऐवजी सूर वाचतात. पुरवणी पंचनामा झाला, ‘लांडगा’ हा शब्द एकदाचा कागदावर आला आणि थोड्याच दिवसांत रक्कम आप्पांच्या खात्यात जमा झाली.

रक्कम बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तेवढी मिळते. पशुवैद्यकांनी धरलेला बाजारभाव आणि आठवडी बाजारातला भाव यांत फरक असतोच. गाभण मेंढीच्या पोटातले कोकरू तर कोणी मोजत नाही.

जे कोकरू लांडग्याने उचलून नेले त्याचे काहीच मिळाले नाही. मृत शरीर नाही, म्हणून पंचनामा नाही, म्हणून अर्ज नाही. आणि लांडगा तर बहुतेक वेळा कोकरूच नेतो, कारण ते तोंडात धरून पळता येते. यावर आप्पांचे म्हणणे असे की माळावर राहायचे तर त्याचाही वाटा असतो. माझे म्हणणे तितके उदार नाही. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माळरानावरची अभयारण्येही लहान आहेत: रेहेकुरी अभयारण्य २ चौरस किलोमीटरपेक्षा जरासे मोठे, मयूरेश्वर ५ चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडग्यांचा कळप असे अभयारण्य एका रात्रीत ओलांडून जातो आणि सकाळी कोणाच्या तरी गायरानात किंवा पडीक रानात असतो. म्हणजे लांडगा जगतो तो मेंढपाळांच्या शेजारात, त्यांच्या मेंढरांवर. आमचे प्रकरण अडकलेले असताना शेजारच्या वाड्यावरच्या एकाने सरळ सुचवले होते की पुढच्या वेळी मेलेल्या मेंढीवर फवारणीचे औषध टाका, कटकट मिटेल. आप्पांनी त्याला झापले. लांडगा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारल्यास तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो, हे मीही सांगितले. पण त्या माणसाला गप्प बसवले ते आप्पांनी, कायद्याने नव्हे. ज्या खात्याला लांडगा टिकवायचा आहे, त्याने त्या रकान्यात शंका लिहिताना हा हिशोब मनात धरावा, असे मला वाटते. मोकाट कुत्री लांडग्यांनाही नडतातच. त्यांच्यापासून रोग लागतात, संकर होतो. म्हणून कुत्र्यांचा बंदोबस्त जरूर करावा, पण लांडग्याने केलेली शिकार कुत्र्यांच्या नावावर टाकून तो होणार नाही.

मृत मेंढी पाहणी होईपर्यंत जागेवरून हलवू नये, कातडी सोलू नये. वाडा पुढे हलवायचा असेल तर घरातले एक माणूस मागे थांबवावे, आणि कावळे-कुत्री येऊ नयेत म्हणून घोंगडे टाकावे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे, आणि मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र घ्यावे. नकार मिळाला तर तसे त्याच कागदावर लिहून मग सही करावी. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असायला हवा, कारण १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई न देण्याचा आदेश आहे. फिरतीवर असलेल्या कळपांत हे काम नेहमी मागे पडते. आमचे बिल्ले आदल्या उन्हाळ्यात मारून झाले होते म्हणून त्या टेबलावर तरी अडलो नाही.

जखमी जनावराच्या औषधोपचाराचा खर्चही मिळतो, मात्र उपचार शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले हवेत आणि चिठ्ठ्या, पावत्या जपून ठेवायला हव्यात. मानेला जखम झालेली आमची मेंढी वाचली. तिच्या खर्चाचे कागद पुरवणी पंचनाम्याच्या प्रतीसह मागच्या आठवड्यात दिले आहेत आणि त्यांची पोच माझ्याकडे आहे.