ट्रॉलीवाल्या बाईंनी ऐकलं ते

१९७४ चा जानेवारी. खाणकामगारांनी ओव्हरटाइम बंद केला होता, वीजकेंद्रांना कोळसा पुरत नव्हता, म्हणून इंग्लंडात कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळायची. टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद. हॉस्पिटलांना सूट होती. संध्याकाळी बसमधून उतरलं की अंधारलेल्या दुकानांच्या रांगेनंतर आमची इमारत तेवढी लख्ख दिसायची.

लँकेशायरमधला बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न हा विणकरांचा पट्टा. ओल्डहॅम आणि बोल्टन सुताचे, हे कापडाचे. पहिल्या महायुद्धाआधी एकट्या बर्नलीत लाखाच्या घरात साचे, म्हणजे कापड विणायचे यांत्रिक माग, होते. मी ज्या गावात ज्युनिअर डॉक्टर होतो, ते याच पट्ट्यातलं. मुंबईहून येऊन मला चौदा महिने झाले होते. तेव्हा आपली एमबीबीएस तिकडे थेट चालायची, आणि रात्रीच्या ड्यूटीवर आम्ही बहुतेक सगळे भारत-पाकिस्तानातलेच असायचो. भाषेची मात्र अडचण होती. मला इंग्रजी येत होतं, पण त्या लोकांचं इंग्रजी येत नव्हतं, आणि माझं त्यांना दोनदा सांगावं लागायचं. त्यामुळे मी पेशंटशी गरजेपुरतंच बोलायचो. ही सवय किती महाग पडू शकते, ते त्या मंगळवारी कळलं.

पेशंट पन्नाशीचे गृहस्थ. एका गिरणीत टॅकलर, म्हणजे बिघडलेला साचा दुरुस्त करून चालता ठेवणारा माणूस. आपल्याकडे साचेखात्यात जॉबर करायचा ते काम. नऊ दिवसांपूर्वी बर्फावर घसरलेल्या लॉरीने त्यांना भिंतीशी दाबलं होतं. दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडल्या होत्या, काही तर दोन-दोन ठिकाणी. श्वास घेताना छाती फुगायच्या ऐवजी तिथे आत जायची. अशा पेशंटला त्या काळी गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घालायचे आणि बरगड्या सांधेपर्यंत काही आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवायचे. नळीभोवतीचा फुगा फुगवला की हवा स्वरयंत्रापर्यंत जातच नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डावा सलाइनसाठी फळीला बांधलेला. म्हणजे लिहिणंही नाही आणि बोटाने दाखवणंही नाही.

सकाळी रात्रीच्या सिस्टरने रिपोर्ट दिला : रात्रीपासून गोंधळलेले आहेत, वेडीवाकडी तोंडं करतात. मी पाहिलं तेव्हाही तेच चाललं होतं. आधी हनुवटी वर जायची, भुवया कपाळात चढायच्या, मग तोंड कानापर्यंत ताणलं जायचं, खालचे सगळे दात दिसायचे, जीभ दातांमध्ये यायची, ओठांचा चंबू व्हायचा. क्षणभर थांबून पुन्हा पहिल्यापासून तेच. उजवा पाय सारखा डाव्या पायावर घासत होते.

मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. नळी साफ केली, ताप पाहिला, छाती तपासली, रक्तातला ऑक्सिजन बघायला नमुना पाठवला. सगळं ठीक निघालं. ‘दुखतंय का?’ विचारलं, तर त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. एवढ्या बरगड्या मोडलेल्या माणसाला दुखणारच, असं म्हणून मी तिथेच थांबलो. कुठे दुखतंय, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. आज पन्नास वर्षांनीही तो न विचारलेला प्रश्न मला टोचतो. हा डिलिरियम, म्हणजे आजारातला भ्रम, असं ठरवून मी दहा मिलिग्रॅम डायझेपाम, गुंगीचं औषध, सिरिंजमध्ये भरलं.

दहा वाजता चहाची ट्रॉली आली. ट्रॉली ढकलणाऱ्या बाई साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, वॉर्डात कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या खाटेच्या पायथ्याशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात आडवा केला.

“थांबा, डॉक्टर लव्ह. ते बोलताहेत.”

तिकडे दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळेच अनोळखी माणसाला ‘लव्ह’ म्हणतात, आपल्या ‘बाळा’सारखं. बाईंनी हनुवटी वर केली आणि पेशंटसारखंच तोंड ताणून काहीतरी विचारलं. आवाज नाही. त्यांनी तसंच उत्तर दिलं. बाईंनी पुन्हा विचारलं. व्हेंटिलेटरचा भाता तेवढा वाजत होता आणि दोन माणसं माझ्या डोळ्यांदेखत व्यवस्थित संभाषण करत होती. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. बाईंनीच ॲप्रनच्या टोकाने पुसलं.

“डावी पोटरी,” बाई म्हणाल्या. “काल दुपारपासून. लाकडासारखी झालीय म्हणतात. येईल त्याला सांगून दमलेत.”

मी पांघरूण ओढलं. डावी पोटरी तट्ट झालेली, गरम, कातडी चकचकीत. टेपने मोजली तर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता, तर त्या छातीला तो झेपला नसता. आणि माझ्या हातातल्या सिरिंजने त्यांचं सांगणंच बंद केलं असतं. मी ती सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. कन्सल्टंट आले. मोडलेल्या बरगड्यांतून रक्तस्राव व्हायचा धोका होता, तरी त्यांनी हेपारिन, रक्त गोठू न देणारं औषध, सुरू करायचं ठरवलं, आणि तासाभरात ते चालू झालं.

दुपारी मी बाईंना शोधत वॉर्डाच्या किचनमध्ये गेलो. कप धुता धुता त्यांनी सांगितलं. चौदाव्या वर्षी त्या गिरणीत लागल्या. एका शेडमध्ये शेकडो साचे, प्रत्येक साच्यात आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला जवळजवळ दोनशे वेळा इकडून तिकडे आपटणार. तिथे शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात, शब्द ताणून, सगळा चेहरा वापरून. त्याला ते ‘मी-मॉ’ म्हणतात. पोरगी महिन्या-दोन महिन्यांत शिकते आणि मग जन्मभर विसरत नाही. सुट्टी झाल्यावरही बायका तशाच बोलायच्या : रस्त्याच्या या बाजूच्या खिडकीतून त्या बाजूच्या खिडकीत, बसमध्ये पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर. गर्भाशयाचं ऑपरेशन, कुणाचं दिवस राहणं असले शब्द तर घरातही आवाजात उच्चारायचे नाहीत, ओठांनीच. (ओपीडीत बायका दुखणं सांगताना मधेच आवाज गिळतात, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला.) १९५९ मध्ये सरकारने कायदा करून जुनी यंत्रं मोडायला मालकांना पैसे दिले. बाईंची गिरणी त्यात गेली. ज्या सहा साच्यांवर त्यांनी काम केलं, ते घणाने फोडताना त्यांनी पाहिले. मग ही ट्रॉली.

“तुमच्याकडे गिरण्या आहेत का हो?” त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझे अण्णा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, सव्वीस वर्षं. पाळी सुटून घरी आले की तसंच बोलायचे. तोंड फाकून, भुवया चढवून. चाळीतली पोरं त्यांची नक्कल करायची. गॅलरीच्या एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्या टोकाला आई, मधल्या बिऱ्हाडांना कळू न देता बिनआवाजाने भाजीचा आणि उधारीचा हिशेब करायचे. मला त्या तोंडाची लाज वाटायची. मित्र घरी आले की अण्णांनी गप्प बसावं असं वाटायचं. ते तोंड लहानपणभर समोर असलेला मी, आणि त्या खाटेशी मला ते ओळखता आलं नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी ओले हात पुसून माझ्यासाठी चहा ओतला.

सिस्टरला विचारून रोज ट्रॉली फिरवून झाल्यावर बाईंना दहा मिनिटं त्या खाटेशी द्यायची असं ठरलं. सिस्टर कडक होती, पण पहिल्या दिवशीच तिने खुर्ची आणून ठेवली. शनिवारी संध्याकाळी बाई बर्नलीच्या फुटबॉल मॅचचा निकाल घेऊन येत. टीम त्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये होती. तरुण नर्सही हळूहळू शिकल्या : ‘पाणी’, ‘कूस’, ‘नळी’. मला पाच-सहा शब्द जमले.

मार्चमध्ये कारखान्यांना पूर्ण आठवडा वीज सुरू झाली, त्याच सुमारास ते घरी निघाले. नळी निघाली होती, पण आवाज घोगरा आणि दमही कमी. व्हीलचेअरवर वॉर्डाच्या काचेच्या दारापलीकडे पोचले आणि वळून माझ्याकडे बघत ओठांनी काहीतरी विचारलं. मला पहिला शब्द कळला, ‘फादर’. पुढचं नाही. बाई शेजारीच होत्या.

“तुमच्या वडिलांचा साचा कुठला, विचारतात.”

लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा बिडाच्या चौकटीवरची ती उठावाची अक्षरं मी एकेक करून वाचली होती. मी हनुवटी वर केली. ओठ घट्ट मिटले, मग जबडा खाली सोडला, पुन्हा मिटले. ब्लॅकबर्न.

त्यांना पहिल्याच खेपेला कळलं.