गळती सापडेना

"मॅडम, तीनदा प्लास्टर केलं, तीनदा गळून पडलं. गळती कुठंय तेवढी सांगा," मालक म्हणाले. पुण्याजवळच्या मांजरी गावातली त्यांची शेतावरची दगडी इमारत. तिथं त्यांना चुलीवरच्या जेवणाचं हॉटेल काढायचंय.

जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम, म्हणून आधी वर बघितलं. कौलं धड, पन्हळ नवी. पाऊस उघडून चार दिवस झालेले, तरी उत्तरेची एकच भिंत कमरेपर्यंत ओली आणि तिच्यावर पांढरी लव. बोटानं खरवडली. लोणा! म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार.

मग मालकांना बोलतं केलं. मुळात हे धान्याचं कोठार. 1870च्या दशकात खडकवासल्याच्या कालव्याला पाणी सुटलं, पुढे या पट्ट्यात ऊस आला आणि यांच्या पणजोबांनी कोठारातच गुऱ्हाळ घातलं. सागवानी तुळया अजून धुरानं काळ्या आहेत. नंतर ऊस कारखान्याला जायला लागला, काहिली मोडीत गेल्या. मग खताचं गोदाम, मग भंगारवाला भाडेकरू.

खत म्हटल्यावर मला वाटलं, सुटलं कोडं. बऱ्याच खतांत नायट्रेट असतं, आणि लोणा त्याचाही होतो. पण पोती चारही भिंतींना लागलेली. मग एकच भिंत का ओली?

उंबऱ्यात बसलेल्या मालकांच्या आई म्हणाल्या, "पोरी, खत लई मागनं आलं. त्या भितीला दावण व्हती. चरकाची सहा बैलं. तिथंच मुतायची, तिथंच मुरायचं. इंजन आलं नि बैलं इकली." मालकांना याचा पत्ताच नव्हता. गिलावा ठोकून काढला, तर गुडघ्याच्या उंचीवर दगडांत दावी ओवायची भोकं!

जनावरांच्या मुतातल्या नत्राचं मातीत जिवाणूंमुळे नायट्रेट होतं. बंदुकीच्या दारूचा सोरा, म्हणजे असलंच नायट्रेट, पूर्वी गोठ्यांच्या मातीतूनही काढत. हे क्षार चुन्याच्या दरजांत मुरले, की पावसाळी हवेतलंच पाणी ओढून घेतात. गळती नव्हतीच. वर सिमेंट थापल्यामुळे भिंतीचा श्वास कोंडला, क्षार आतल्या आत स्फटिक होऊन फुगले आणि गिलाव्याचे पोपडे सुटले. तीन कंत्राटदारांपैकी एकानंही भिंत चाटून बघितली नाही. (मी बघितली. खारट. कुणाला सांगू नका.)

उपाय सांगितला: सिमेंट सगळं काढा, क्षार शोषायला ओल्या मातीचे लेप द्या, ते वाळले की उतरवा, पुन्हा द्या. शेवटी चुन्याचा गिलावा. तोही काही वर्षांनी खराब होईल, बदलावा लागेल.

"माणसं जेवाया बसवणार व्हय त्या भितीपाशी?" म्हातारी हसत सुटली.

मालकांनी तिथली टेबलं हलवली आणि त्याच भिंतीला हात धुवायची बेसिनं काढली. म्हणजे पुन्हा पाणी. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.