वाळूज की चाकण?

पुण्याजवळचे चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज येथील दोन्ही नियुक्तिपत्रे एकाच आठवड्यात हाती आल्यावर घरी सर्वांनी आधी पगारच विचारला, आणि चाकणचा आकडा अर्थातच मोठा होता. मात्र त्या वार्षिक पॅकेजमध्ये मूळ वेतनाच्या १२ टक्के दराने कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनसही धरलेला असल्यामुळे, दरमहा प्रत्यक्ष खात्यात जमा होणारी रक्कम काढली तेव्हा दोन्हींतील अंतर बरेच आटले. त्यातून मोशीकडील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वजा केल्यावर फारसे काही उरेना. मामांच्या मते पुण्याच्या नोकरीला स्थळे चांगली येतात. हा लाभ पत्रात नमूद नव्हता.

खरा प्रश्न कामाचा होता. चाकणला चालू लाइनवर गुणवत्ता तपासणी होती, तर वाळूजला जिग-फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग अचूक जागी धरून ठेवणारी साधने, स्वतः आखून मशीनवर बसवण्याची संधी होती, आणि पुढे मला कोणी बोलावले तर याच कौशल्यासाठी बोलावेल, असे मला वाटते. वाळूजचा तीन महिन्यांचा नोटीस कालावधी मात्र खटकला. तो एक महिन्यावर आणल्याचे सुधारित पत्र ई-मेलने आल्यानंतरच मी चाकणला नकार कळवला.