बँकॉकमध्ये विड्याची पानं मागताना

इथल्या बाजारात इंग्रजीत ‘बेटल लीफ’ मागितलंत, तर बऱ्याचदा भलतंच पान हाती येतं. थाईत विड्याच्या पानाला ‘प्लू’ म्हणतात (प उच्चारताना किंचित ह मिसळायचा). ‘च-प्लू’ मात्र मिरीच्याच कुळातलं दुसरं झुडूप. खोबरं, आलं, शेंगदाणे गुंडाळून ‘मियांग खाम’ करतात ते याच पानात. इंग्रजी पाट्यांवर दोघांनाही ‘बेटल’च लिहितात आणि घोळ तिथेच होतो.

दोन्ही पानं हृदयाच्या आकाराची, पण बोटांना फरक लगेच कळतो. प्लू जाडसर, देठाजवळचा तुकडा चावला की जिभेला तिखट चटका बसतो. च-प्लू पातळ, मऊ आणि चवीला सौम्य. त्यात चुना-काथ घालून विडा होत नाही, पूजेलाही ते चालवू नये.

‘बेटल’ हा शब्द मूळचा मल्याळम ‘वेट्टिला’. ‘इला’ म्हणजे पान. ‘नुसतं, साधं पान’ असा अर्थ लावतात. पोर्तुगीजांनी तो मलबारात उचलला. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया दा ओर्ताच्या ग्रंथात तो ‘बेत्रे’ असा येतो. आपलं ‘पान’ही संस्कृत ‘पर्ण’वरून आलेलं, म्हणजे पुन्हा नुसतं पानच. ‘बेटल नट’ तर सरळ चूक आहे: सुपारी नागवेलीला लागत नाही, ती पोफळीची.

सुपारीला इथे ‘माक’ म्हणतात. लग्नात नवऱ्याकडचे लोक वाजतगाजत मुलीच्या घरी येतात, त्या मिरवणुकीचं नाव ‘खान माक’, म्हणजे सुपारीचं पात्र. सुपारी फोडून लग्न ठरवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पान खाणं मात्र 1940च्या दशकात तेव्हाचे पंतप्रधान पिबूनसोंगख्राम यांच्या सरकारने बंद करायला लावलं. आता ते मुख्यतः म्हाताऱ्या माणसांत दिसतं. त्यांचा चुना लालसर असतो, कारण त्यात हळद कालवलेली असते. हळदीवर चुना पडला की लाल होतो, कुंकवाचा रंगही तसाच येतो.

सत्यनारायणाला पाच विडे म्हणजे 10 पानं. दोन-चार जास्तच घ्या, कारण देठ आणि टोक शाबूत हवं. पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात किंवा शेजारच्या फाहुरातमध्ये विचारा. घरी आणल्यावर पानं धुऊन पुसा, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलीत तर काळी पडतात. फडकं रोज बदला, नाहीतर देठाकडून कुजायला लागतात.